लाकूड आणि काँक्रीटच्या उंच हायब्रिड इमारती भूकंपात कशा तग धरतात: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लाकूड आणि काँक्रीट एकत्र वापरून दहा-वीस मजले चढवायचे म्हटलं की पहिली शंका आगीची निघते आणि दुसरी भूकंपाची. भूकंपाच्या शंकेला मिळणारं उत्तर बहुतेक वेळा 'लाकूड हलकं असतं' इथेच थांबतं. ते खरं आहे, पण अपुरं आहे. अशी इमारत वाचते की नाही, हे मुख्यतः दोन्ही साहित्य जिथे एकमेकांना भेटतात त्या सांध्यांवर ठरतं. म्हणून खालची बरीच उत्तरं फिरून सांध्यांपाशीच येतात.

हायब्रिड इमारत म्हणजे नक्की काय?

नेहमीची मांडणी अशी असते: पाया आणि खालचे एक-दोन मजले काँक्रीटचे. लिफ्ट आणि जिन्याभोवती काँक्रीटच्या जाड भिंतींचा गाभा, तळापासून माथ्यापर्यंत सलग. त्याच्याभोवती लाकडी खांब आणि लाकडी मजले. खांब-तुळयांसाठी एकाच दिशेने फळ्या चिकटवून केलेलं ग्लुलॅम वापरतात. मजल्यांसाठी सीएलटी वापरतात. त्यात फळ्यांचे थर एकाआड एक आडवे-उभे चिकटवलेले असतात, सहसा तीन, पाच किंवा सात.

कॅनडातल्या व्हँकूवरमधलं 'ब्रॉक कॉमन्स टॉलवुड हाऊस' हे विद्यार्थी वसतिगृह या मांडणीचा चांगला नमुना आहे. २०१७ मध्ये पूर्ण झालेली ही इमारत १८ मजली, सुमारे ५३ मीटर उंच आहे. तळमजला काँक्रीटचा, वरचे १७ मजले लाकडी आणि बाजूचा जोर घ्यायला काँक्रीटचे दोन गाभे. व्हँकूवर हा मोठ्या भूकंपाचा धोका असलेला किनारा आहे, म्हणून हे उदाहरण मला उंचीचे विक्रम करणाऱ्या इमारतींपेक्षा जास्त मोलाचं वाटतं.

लाकूड हलकं, म्हणून भूकंपाचा जोर कमी. हे बरोबर आहे ना?

बरोबर आहे, पण किती कमी याचा हिशेब नीट करायला हवा.

प्रबलित काँक्रीट दर घनमीटरला सुमारे २५०० किलो भरतं, सीएलटी ४५० ते ५०० किलो. यावरून 'पाचपट हलकी इमारत' असं सांगितलं जातं. प्रत्यक्षात २०० मिलिमीटरच्या काँक्रीट स्लॅबचं वजन दर चौरस मीटरला ५०० किलो होतं, तर १७५ मिलिमीटरच्या सीएलटीचं सुमारे ८५ किलो. मात्र वरच्या मजल्यावरचा आवाज आणि चालण्याची थरथर खाली जाणवू नये म्हणून सीएलटीवर बहुधा काँक्रीटचा थर टाकतात. तो ५० मिलिमीटरचा धरला तर त्याचे १२० किलो वाढतात. मग मजल्यांमधला फरक अडीचपटीपर्यंत खाली येतो. शिवाय गाभा काँक्रीटचाच आहे, आणि फरशा, विभाजक भिंती, माणसं, सामान यांचं वजन दोन्हीकडे सारखंच.

आता जोराकडे वळू. भूकंपात इमारतीवर येणारा जोर म्हणजे तिचं वस्तुमान गुणिले तिला मिळणारं त्वरण. हे त्वरण इमारतीच्या आवर्तकालावर, म्हणजे डावी-उजवीकडे एक पूर्ण हेलकावा घ्यायला तिला जो वेळ लागतो त्यावर अवलंबून असतं. आवर्तकाल वस्तुमानाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलतो. गाभ्याच्या भिंती तशाच ठेवून वस्तुमान निम्मं केलं, तर आवर्तकाल सुमारे ०.७ पट होतो. आवर्तकालानुसार त्वरण किती मिळतं हे दाखवणाऱ्या आलेखाच्या ज्या भागात उंच इमारती मोडतात, तिथे आवर्तकाल घटला की त्वरण त्याच प्रमाणात वाढतं, म्हणजे इथे १.४ पट. दोन्हींचा गुणाकार केला की जोर ०.७ पट येतो. वजन निम्मं केल्यावर जोरात सुमारे तीस टक्के बचत होते, पन्नास टक्के नाही.

ही बचत मोठीच आहे. वरच्या टोकाचं सरकणंही साधारण तेवढंच कमी होतं. पाया लहान होतो, गाभ्यातली सळई कमी लागते. पण 'निम्मं वजन म्हणजे निम्मा जोर' असं कोणी सादरीकरणात दाखवलं, तर त्याला आवर्तकाल विचारा.

लाकूड वाकतं, तुटत नाही. मग लाकडी इमारत आपोआप सुरक्षित नाही का?

नाही. हा गैरसमज जुना आहे आणि त्याने जीव गेले आहेत. १९९५ च्या कोबे भूकंपात मृत्युमुखी पडलेल्यांपैकी बहुसंख्य लोक कोसळलेल्या घरांखाली सापडले, आणि त्यातली बरीचशी घरं जुनी लाकडी होती. वर जड कौलांचं छप्पर, खाली मोजक्या भिंती आणि ढिले जोड असा त्यांचा सांगाडा होता.

ताण देऊन किंवा वाकवून तोडायला गेलं तर लाकूड ठिसूळ आहे. आधी फारशी सूचना न देता ते फाटतं. तंतूंच्या आडव्या दिशेने ओढलं तर अगदी थोड्या जोरात चिरतं. लाकडी इमारतीत जो चिवटपणा दिसतो तो पोलादामुळे येतो: खिळे, स्क्रू, बोल्ट, डॉवेल, कोनपट्ट्या. हे पोलाद लाकडात वाकतं, लाकडाचे तंतू थोडे दाबतं आणि त्या वाकण्यात भूकंपाची ऊर्जा खर्च होते.

म्हणून सडपातळ आणि पुष्कळ जोडण्या चांगल्या, जाड आणि मोजक्या जोडण्या वाईट. जाड बोल्ट स्वतः वाकतच नाही. तो शेजारचं लाकूड चिरतो, किंवा बोल्टांच्या सगळ्या गटासकट लाकडाचा ठोकळाच उपटून काढतो. कडेपासूनचं अंतर आणि दोन स्क्रूंमधलं अंतर पाळलं नाही तरी तेच होतं. जिथे चिरण्याची भीती असते तिथे तंतूंना आडवे लांब स्क्रू घालून लाकूड आधीच बांधून घेतात.

मग काँक्रीटचा गाभा कशासाठी? सगळंच लाकडाचं का नको?

ताठपणासाठी. काँक्रीटचा स्थितिस्थापकता गुणांक, म्हणजे ताठपणाचं माप, ३० गिगापास्कलच्या आसपास असतो. लाकडाचा तंतूंच्या दिशेने ११-१२, आणि आडव्या दिशेने अर्ध्या गिगापास्कलहूनही कमी. त्यात लाकडी भिंत तुकड्या-तुकड्यांची, म्हणून प्रत्येक जोडावर आणखी थोडी सरकणारी. सहा-आठ मजल्यांपर्यंत लाकडी भिंतींवर काम भागतं. त्यापुढे इमारत इतकी डुलू लागते की सांगाडा शाबूत राहिला तरी राहणारे हैराण होतात.

दुसरं कारण अनुभवाचं. काँक्रीटची कातर-भिंत, म्हणजे बाजूचा जोर घेणारी भिंत, भूकंपात कशी वागते यावर अनेक दशकांचे प्रयोग आणि प्रत्यक्ष भूकंपांचे धडे आहेत. तळाशी, जिथे वाकण्याचा जोर सर्वांत जास्त असतो, तिथली उभी सळई ठरवून ताणली जाऊ द्यायची. भिंतीच्या दोन्ही कडांना जवळ-जवळ रिंगा घालून आतलं काँक्रीट आवळून धरायचं, म्हणजे ते भुगा होऊन निसटत नाही. दारांवरच्या आखूड तुळयांत तिरक्या सळया घालायच्या. भिंत कातरीत, म्हणजे आडव्या जोराने तिरकी, फुटण्याआधी तळाशी वाकून नमली पाहिजे, हा सगळ्यामागचा नियम. तो मोडला की गाभा एका झटक्यात जातो, आणि त्याला टेकून उभ्या असलेल्या लाकडी मजल्यांना दुसरा आधार उरत नाही.

सगळ्यात नाजूक जागा कोणती?

लाकडी मजला जिथे काँक्रीटच्या गाभ्याला जोडला जातो ती.

प्रत्येक मजल्याचं वस्तुमान भूकंपात वेगाने इकडे-तिकडे जाऊ पाहतं. गाभ्याने त्याला धरून ठेवायचं असतं. हा सगळा जोर जातो मजल्याच्या कडेला असलेल्या काही पोलादी पट्ट्या, कोन आणि स्क्रूंच्या रांगांमधून. तिथे जोड तुटला तर गाभा कितीही भक्कम असला तरी उपयोग नाही; मजला त्याच्यापासून सुटा होईल. म्हणून या जोडण्या इमारतीच्या बाकी भागांपेक्षा मुद्दाम बळकट ठेवतात. गाभा त्याच्या खऱ्या ताकदीनिशी, म्हणजे कागदावरच्यापेक्षा जास्त ताकदीने, नमला तरी या जोडण्या तुटता कामा नयेत, असा हिशेब असतो. कुठे नमायचं हे आधी ठरवायचं आणि बाकी सगळं त्याहून बळकट करायचं, ही विचारपद्धत न्यूझीलंडमध्ये १९६० आणि ७० च्या दशकांत पार्क आणि पॉले यांच्यासारख्या अभियंत्यांनी घडवली. हायब्रिड इमारतीला तिच्याशिवाय हात लावू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

प्रत्यक्ष कामात अडचणी बारीक असतात. कारखान्यात यंत्रावर कापलेलं सीएलटी दोन-तीन मिलिमीटरच्या आत अचूक येतं. जागेवर ओतलेली काँक्रीटची भिंत मात्र उंचीभर सहज एक-दोन सेंटिमीटर इकडे-तिकडे होते. हा फरक सामावून घ्यायला प्लेटमध्ये लांबट भोकं ठेवायचा मोह होतो. पण त्याच लांबट भोकांत भूकंपाच्या वेळी बोल्ट सरकतो, जोडाचा ताठपणा जातो आणि दर फेरीला धक्का बसतो. त्यापेक्षा गाभ्यात मोठी प्लेट आधीच ओतून ठेवावी आणि पट्टी जागेवर आणून वेल्ड करावी. वेल्डच्या उष्णतेने शेजारचं लाकूड जळणार नाही इतकं अंतर मात्र ठेवायला हवं.

मागाहून भोक पाडून अँकर बसवायचे असतील तर दोन गोष्टी पाहायच्या. पहिली, तो अँकर भेगाळलेल्या काँक्रीटमध्येही पकड धरतो हे चाचणीने सिद्ध झालेलं असावं. दुसरी, गाभ्याच्या तळाशी जिथे सळई ताणली जाणार आहे त्या पट्ट्यात अँकर नकोतच. काँक्रीटमधून शंकूच्या आकाराचा तुकडा निघून अँकर उपटला जाणं हा अत्यंत ठिसूळ प्रकार आहे. त्याआधी पोलाद नमलं पाहिजे.

मजला ज्या कोनपट्टीवर टेकलेला असतो तिची रुंदीही महत्त्वाची. भूकंपात मजला गाभ्यापासून काही मिलिमीटर दूर गेला तरी त्याचं बूड टेकूवरून निसटणार नाही इतका टेकू हवा.

लाकडी मजला एकसंध स्लॅबसारखा काम करतो का?

आपणहून नाही. सीएलटीचं एक पॅनेल स्वतःच्या प्रतलात फार ताठ असतं, पण मजला अशा बऱ्याच पॅनेलांचा बनतो. दोन पॅनेलांच्या सांध्यावर वरून प्लायवूडची पट्टी ठेवून ती दोन्हीकडे स्क्रूंनी पक्की करतात. सरकणं होतं ते या सांध्यांत. मजल्याच्या कडांना ताण घ्यायला आणि गाभ्याकडे जोर ओढून न्यायला लांब पोलादी पट्ट्या लागतात.

वर टाकलेला काँक्रीटचा थर स्क्रूंनी किंवा खाचांनी सीएलटीशी बांधला तर दोन्ही मिळून काम करतात आणि मजला खूपच ताठ होतो. बदल्यात वजन वाढतं. माझा कल, गाळे (दोन आधारांमधली अंतरं) लांब असतील तर थर घ्यावा आणि आखूड असतील तर टाळावा, याकडे आहे. नुसता 'टाकून ठेवलेला' थर, जो वजन देतो पण ताकद देत नाही, तो शक्य तिथे नकोच.

लाकडी खांब फक्त उभं वजन घेतात. त्यांची भूकंपात काळजी का करायची?

कारण गाभा डुलला की खांबही त्याच्याबरोबर तेवढेच डुलतात. बऱ्याच देशांच्या संहिता मोठ्या भूकंपात एका मजल्याला त्याच्या उंचीच्या २ ते २.५ टक्के सरकण्याची मुभा देतात. तीन मीटरच्या मजल्याला हे ६० ते ७५ मिलिमीटर होतात. खांबाचं खालचं टोक तिथेच आणि वरचं टोक इतकं बाजूला गेलं, तरी त्याने वजन पेलत राहायचं असतं.

१९९४ च्या नॉर्थरिज भूकंपात कॅलिफोर्नियातल्या अनेक मजली पार्किंग इमारती याच कारणाने कोसळल्या. बाजूचा जोर घेणाऱ्या भिंती उभ्या होत्या, पण नुसतं वजन पेलण्यासाठी ठेवलेला सांगाडा एवढं सरकणं सोसू शकला नाही. तेव्हापासून हा तपास प्रत्येक आराखड्यात सक्तीचा मानला जातो.

लाकडाच्या बाबतीत यावरचा उपाय तुलनेने सोपा आहे: खांबाची टोकं मोकळेपणाने थोडी फिरू शकतील अशी ठेवायची. एक खांब दुसऱ्यावर मधल्या पोलादी जोडणीतून थेट उभा राहतो आणि मजला त्या जोडणीच्या प्लेटवर बाजूने टेकतो. खांबाच्या खाली मजल्याचं सीएलटी कधीही येऊ द्यायचं नाही. तंतूंना आडवं लाकूड इतक्या दाबाखाली चिरडतं, आणि वरचे सगळे मजले खचू लागतात.

गाभा आणि लाकडी भिंती दोघांनी मिळून जोर वाटून घेतला तर?

कागदावर आकर्षक दिसतं. पण सुरुवातीला जवळजवळ सगळा जोर जास्त ताठ असलेला गाभाच घेतो. लाकडी भिंतींच्या जोडण्या अजून सरकायलाही लागलेल्या नसतात. गाभा भेगाळून मऊ झाल्यावर लाकडाच्या वाट्याला जोर येतो. दोघांची ताकद एकाच क्षणी मिळत नाही, म्हणून दोन आकड्यांची सरळ बेरीज करणं चूक. अशी योजना करायचीच असेल तर पायरीपायरीने भेगा आणि जोडण्यांचं सरकणं दाखवणारं विश्लेषण हवं.

लाकूड आखडतं, काँक्रीटही आखडतं. त्याचा भूकंपाशी काय संबंध?

थेट संबंध आहे. लाकडी खांब वजनाखाली दबतात, वर्षानुवर्षं हळूहळू आणखी दबतात आणि वाळताना थोडे आखडतात. काँक्रीटचा गाभाही आखडतो, पण वेगळ्या गतीने. वीस मजल्यांच्या बेरजेत हा फरक काही सेंटिमीटरचा होऊ शकतो. मजल्याचं एक टोक गाभ्यावर आणि दुसरं खांबावर असल्यामुळे मजला तिरका होतो आणि गाभ्याजवळच्या जोडणीत आधीपासूनच ताण साठतो. भूकंप येतो तेव्हा त्या जोडणीची काही ताकद खर्च झालेली असते.

ब्रॉक कॉमन्समध्ये ठरावीक मजल्यांवर खांबांच्या जोडणीत पोलादाचे पातळ पत्रे सरकवून उंची जुळवली. जोडणी उभ्या दिशेने थोडी हलू शकेल पण आडव्या दिशेने ताठ राहील, अशीही करता येते.

खाली काँक्रीटचा पोडियम (खालच्या काही मजल्यांचा बैठा भाग) आणि वर लाकडी टॉवर असेल तर?

पोडियम बराच ताठ असेल तर दोन भागांचं विश्लेषण वेगवेगळं करता येतं. इमारतींवर येणारे भार ठरवणाऱ्या अमेरिकेच्या एएससीई ७ या मानकात त्यासाठी खालचा भाग वरच्याच्या किमान दहापट ताठ असावा आणि संपूर्ण इमारतीचा आवर्तकाल नुसत्या वरच्या भागाच्या १.१ पटीपेक्षा जास्त नसावा, अशा अटी आहेत. पण गाभा तळापासून माथ्यापर्यंत सलग असेल तर तो दोन्ही भागांना एकत्र बांधतो. मग हा सोपा मार्ग विसरून पूर्ण इमारत एकत्रच अभ्यासावी. पोडियमचा स्लॅब गाभ्यातला जोर बाहेरच्या भिंतींकडे वळवतो, आणि तो बदल ज्या मजल्यावर होतो तिथला स्लॅब जाड लागतो.

हलकी इमारत उलटण्याची भीती जास्त नसते का?

प्रश्न अगदी योग्य आहे आणि तो पुरेसा विचारला जात नाही. भूकंपाचा जोर इमारतीला उलटवू पाहतो आणि इमारतीचं स्वतःचं वजन तिला खाली धरून ठेवतं. वजन घटलं की दोन्ही घटतात, पण आपण वर पाहिलं त्याप्रमाणे जोर वजनाइतका घटत नाही. वजन निम्मं झालं आणि जोर सत्तर टक्के राहिला, तर गाभ्याच्या एका कडेला वर उचलणारा ताण तुलनेने वाढतो. शिवाय मजल्यांचं बरंचसं वजन लाकडी खांबांवरून खाली जातं, गाभ्यावर येतच नाही. म्हणून गाभ्याखाली रुंद राफ्ट (पायाचा सलग जाड स्लॅब) किंवा ताण घेणारे पाइल (जमिनीत खोल उतरवलेले खांब) लागतात.

यावर उपाय आराखड्याच्या पहिल्या दिवशीच निघतो. गाभा मध्यभागी ठेवायचा आणि मजल्यांचे गाळे असे लावायचे की त्यांचं जास्तीत जास्त वजन गाभ्याच्या भिंतींवर येईल. गाभा एका कोपऱ्यात ढकलला तर इमारत डुलण्याबरोबर पिळलीही जाते, आणि मग दूरच्या टोकाच्या खांबांना सगळ्यात जास्त सरकावं लागतं.

भूकंपानंतर इमारत वापरता येईल का, की फक्त जीव वाचतील?

बहुतेक संहितांचं मूळ उद्दिष्ट जीव वाचवणं एवढंच आहे. २२ फेब्रुवारी २०११ च्या क्राइस्टचर्च भूकंपाने याचा अर्थ स्पष्ट केला. काँक्रीटच्या बऱ्याच इमारती कोसळल्या नाहीत, माणसं बाहेर पडली, पण दुरुस्ती परवडणार नाही म्हणून शहराच्या मध्यभागातल्या शेकडो इमारती नंतर पाडाव्या लागल्या.

त्यामुळे न्यूझीलंडमध्ये आधीच सुरू झालेल्या एका दिशेला वेग आला: भिंत पायाशी घट्ट न बांधता तिला डोलू द्यायचं. आतून ताणलेल्या पोलादी दोऱ्या किंवा सळया भिंतीला हेलकाव्यानंतर परत सरळ उभी करतात. शेजारी बसवलेल्या यू आकाराच्या पोलादी पट्ट्या वाकून-सरळ होऊन ऊर्जा खातात, आणि नंतर त्याच तेवढ्या बदलता येतात. काँक्रीटच्या तयार भिंतींसाठी ही कल्पना १९९० च्या दशकात पुढे आली. कँटरबरी विद्यापीठातल्या संशोधकांनी ती नंतर लाकडात उतरवली. लाकूड इथे विशेष शोभतं, कारण डोलणाऱ्या भिंतीची टाच काँक्रीटसारखी फुटून गळत नाही, थोडी दबते.

हायब्रिड इमारतीत गाभ्याच्या तळाला रुंद भेगा पडल्या आणि आतली सळई ताणली गेली, तर त्या जागी पोहोचून दुरुस्ती करणं अवघड असतं. म्हणून ज्यांना इमारत लगेच वापरात हवी आहे त्यांनी डोलणाऱ्या भिंतींचा किंवा बेस आयसोलेशनचा, म्हणजे इमारतीच्या तळाशी आयसोलेटर नावाचे लवचीक आधार बसवण्याचा, विचार करावा. योकोहामातली 'पोर्ट प्लस' ही ११ मजली, ४४ मीटर उंच लाकडी इमारत अशाच आयसोलेटरवर उभी आहे.

याची प्रत्यक्ष चाचणी झाली आहे का?

लाकडाची, होय. २००७ मध्ये जपानमधल्या मिकी इथल्या महाकाय शेक टेबलवर (भूकंपासारखी हलणाऱ्या चाचणी-मंचावर) इटालियन संशोधकांनी सात मजली, २३.५ मीटर उंच सीएलटी इमारत कोबे भूकंपाच्या नोंदीवर हलवली. ती उभी राहिली, नुकसान जोडण्यांपुरतं राहिलं. २०२३ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो इथल्या शेक टेबलवर दहा मजली लाकडी इमारत उभारली गेली. तिच्यात डोलणाऱ्या भिंती होत्या. १९९४ च्या नॉर्थरिजसह १९९९ च्या तैवानमधल्या चीची भूकंपाच्या नोंदीही तिला दिल्या गेल्या. मुख्य सांगाड्याला मोठी दुरुस्ती लागेल असं नुकसान झालं नाही.

या दोन्ही इमारतींत बाजूचा जोर लाकडी भिंतींनी घेतला होता. काँक्रीटच्या गाभ्याला लाकडी मजले जोडलेल्या उंच इमारतीला या चाचण्यांची प्रशस्तिपत्रं जशीच्या तशी लागू होत नाहीत.

किती उंच जाता येईल?

अमेरिकेतल्या मिल्वॉकीतली २५ मजली 'असेंट' २०२२ मध्ये पूर्ण झाली. तिची उंची ८६.६ मीटर आहे, काँक्रीटचा पोडियम आणि काँक्रीटचे गाभे आहेत. नॉर्वेतली 'म्योस्तोर्नेत' ८५.४ मीटर आहे; तिच्या वरच्या मजल्यांना मुद्दाम काँक्रीटचे स्लॅब दिले, कारण हलकी इमारत वाऱ्यात जास्त डुलली असती. पण या दोन्ही जागी भूकंपाचा धोका कमी आहे. त्यांच्या उंचीचा आकडा पुढे करून भूकंपप्रवण शहरात तेवढीच उंची मागणं हा चुकीचा युक्तिवाद आहे.

वाऱ्यासाठी वजन वाढवावंसं वाटतं, भूकंपासाठी कमी. दोन्ही असलेल्या ठिकाणी मला गाभा रुंद करणं हाच प्रामाणिक मार्ग वाटतो.

संहितांमध्ये अशा इमारतींसाठी नियम आहेत का?

तुकड्या-तुकड्यांत आहेत. अमेरिकेच्या २०२१ च्या इंटरनॅशनल बिल्डिंग कोडने मास टिंबरला (सीएलटी, ग्लुलॅमसारख्या जाड लाकडी घटकांच्या बांधकामाला) १८ मजल्यांपर्यंत वाट मोकळी केली, पण ती मुख्यतः आगीच्या दृष्टीने. भूकंपाच्या बाजूने एएससीई ७ च्या २०२२ च्या आवृत्तीत सीएलटी कातर-भिंतींसाठी जोर कमी करण्याचा गुणक (चिवटपणामुळे आराखड्यातला जोर ज्या आकड्याने भागता येतो तो) ३ दिला आहे, आणि फक्त अरुंद-उंच पॅनेल वापरले तर ४. उंचीची मर्यादा ६५ फूट. सखोल तपशिलांसह केलेल्या काँक्रीटच्या कातर-भिंतींना ५ किंवा ६ मिळतो. म्हणूनच उंच हायब्रिड इमारतीत बाजूचा जोर काँक्रीटवर टाकतात आणि लाकडाला वजन पेलायला ठेवतात.

नियमांच्या चौकटीपेक्षा उंच जायचं असेल तर कामगिरीवर आधारित आराखडा करावा लागतो: निदान ११ भूकंप-नोंदींवर अरेषीय विश्लेषण (भेगा पडणं आणि नमणं धरून केलेलं) आणि त्रयस्थ तज्ज्ञांकडून तपासणी. हलक्या मजल्यांना कमी लेखू नका. उंच इमारतीत वरच्या कंपनप्रकारांमुळे (मुख्य हेलकाव्याखेरीज होणाऱ्या जलद, नागमोडी हालचालींमुळे) मधल्या मजल्यांवरही तीव्र झटके बसतात, आणि ते साध्या सूत्रात दिसत नाहीत.

जमीन मऊ असेल तर?

तर आधी जमिनीचा आवर्तकाल काढा. १९८५ मध्ये मेक्सिको सिटीचा जुन्या तळ्याच्या गाळावरचा भाग सुमारे दोन सेकंदांच्या लयीत हलला, भूकंपाचं केंद्र साडेतीनशे किलोमीटर दूर असूनही. त्या लयीजवळ येणाऱ्या मध्यम उंचीच्या इमारती सर्वाधिक पडल्या. इमारत हलकी केल्याने तिची लय बदलते. ती जमिनीच्या लयीपासून दूर जाते की जवळ येते, हे पाहिल्याशिवाय 'हलकं म्हणजे चांगलं' म्हणता येत नाही.

भूकंपानंतर आग लागली तर?

१९०६ च्या सॅन फ्रान्सिस्कोने आणि १९९५ च्या कोबेने हा धोका दाखवून दिला आहे. जाड लाकूड जळताना बाहेरून मिनिटाला साधारण ०.६५ मिलिमीटर कोळसा होत आत जातं, म्हणजे तासाभरात सुमारे ४० मिलिमीटर. हे गृहीत धरून खांब जाड ठेवता येतात. अडचण जिप्सम बोर्डाच्या आवरणाची आहे: हेलकाव्यांत त्याचे सांधे उघडले तर आतलं लाकूड आणि मुख्य म्हणजे पोलादी जोडण्या उघड्या पडतात. पोलाद उष्णतेने मऊ होतं. म्हणून जोडण्या लाकडाच्या आत दडवाव्यात. स्प्रिंकलरचे पाइप छताला नुसते टांगून न ठेवता आडवे बांधावेत, आणि गाभ्यातून मजल्यात शिरताना त्यांना लवचीक तुकडा द्यावा.

बांधकाम चालू असताना भूकंप आला तर?

ब्रॉक कॉमन्समध्ये गाभे पूर्ण उंचीपर्यंत आधी उभे केले आणि मग लाकूड चढवलं. तसा क्रम असेल तर एकट्या गाभ्याचा स्वतंत्र हिशेब करावा. लाकडी मजले फार वेगाने चढतात. मजल्यांच्या पट्ट्या गाभ्याला जोडायचं काम मागे पडू देऊ नये. स्क्रू लावायचे राहिलेले तीन-चार मजले वर उभे असणं ही खरी जोखीम आहे.

भूकंपानंतर तपासणीत काय पाहायचं?

गाभ्याच्या तळाशी भेगांची रुंदी आणि कडांचं काँक्रीट सुटलंय का ते आधी. मग प्रत्येक मजल्यावर गाभ्याशी असलेली जोडणी: स्क्रूची डोकी आत ओढली गेली आहेत का, पट्टी फुगली आहे का, टेकूवरून मजला किती सरकला. यासाठी त्या जागी छताला उघडता येणारी झाकणं आराखड्यातच ठेवावीत. छत फोडून बघावं लागत असेल तर कोणी बघत नाही. पॅनेलांच्या सांध्यांवर वरचा थर फुटला असेल तर खालची पट्टी पाहावी. त्यानंतर पाणी. फुटलेल्या पाइपातून सीएलटीत शिरलेलं पाणी वरून दिसत नाही, आणि आतले थर महिनोन्महिने ओले राहिले तर कुजू लागतात. ओलावा मोजायचं यंत्र घेऊन प्रत्येक ओल्या कोपऱ्याची नोंद करावी, आणि लाकूड वाळेपर्यंत तो भाग फरशीने किंवा बोर्डाने पुन्हा झाकू नये.